वटवाघळाला कायद्याचे कवच. पण झाडाचे काय?

वाशीम : तब्बल पन्नास वर्षे सरकारदरबारी 'उपद्रवी' ठरलेल्या फळभक्षी वटवाघळाला १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले आहे. मात्र, हा प्राणी दिवसभर ज्या झाडाला लटकून राहतो, त्या झाडापर्यंत हे कवच पोहोचत नाही. जंगल थोडे आणि शेतशिवार, गावे व रस्ते अधिक अशी रचना असलेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात ही त्रुटी किरकोळ नाही. येथे वटवाघळाचे भवितव्य अभयारण्यापेक्षा गावाबाहेरच्या वड-चिंचेवर अधिक अवलंबून आहे.

यादी बदलली, दृष्टी बदलली का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. त्यात प्राण्यांच्या अनुसूची करण्यात आल्या. त्यांपैकी पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर, घूस यांच्या पंक्तीला फळभक्षी वटवाघळे बसवली गेली. या अनुसूचीतील प्राणी मारण्यासाठी परवानगीची गरज नव्हती. वाघ किंवा काळवीट मारणाऱ्याला तुरुंगवास आणि वटवाघूळ मारणाऱ्याला मोकळीक, अशी ही विभागणी होती. फळबागांचे नुकसान करणारा प्राणी, एवढीच त्याची ओळख कायद्याने मान्य केली होती. देशातील सव्वाशेहून अधिक जातींच्या वटवाघळांपैकी केवळ दोन जातींना पहिल्या अनुसूचीत स्थान होते. एक, तामिळनाडूच्या डोंगररांगांत १९४८ मध्ये सापडलेले आणि १९७२ मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झालेले 'सालिम अलींचे फळवाघूळ'. आणि दुसरी, बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेमुळे प्रसिद्ध झालेली 'रॉटनची मुक्तपुच्छ' ही कीटकभक्षी जात. या दोन दुर्मीळ जाती वगळल्या, तर बाकीच्यांची दखल घ्यावी असे कोणाला वाटले नव्हते.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेची मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या कमी केली. उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूचीच रद्द झाली आणि आपल्याकडचे सर्वांत मोठे फळभक्षी वटवाघूळ, ज्याला इंग्रजीतील नावावरून 'उडता कोल्हा' असेही म्हटले जाते, ते दुसऱ्या अनुसूचीत आले. आता त्याची शिकार हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. कागदावर हा बदल फार मोठा आहे. परंतु मांसासाठी गलोलीने वटवाघूळ पाडणाऱ्याला किंवा सांधेदुखी-दम्यावर त्याच्या चरबीचे तेल लावणाऱ्याला हा बदल कळला आहे काय, हा प्रश्न उरतोच. अशा तेलाच्या गुणाला वैद्यकीय आधार नाही. उलट, रानटी प्राणी मारून हाताळण्यात आजाराचा धोका मात्र निश्चित आहे.

सोयाबीनच्या पट्ट्यातले झाड

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्यांचे पाणी या पठाराला मिळते. जंगल म्हणावे असे क्षेत्र मात्र मर्यादित आहे. कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठीचे अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे, तेही प्रामुख्याने गवताळ. काटेपूर्णा अभयारण्य सुमारे ७३ चौरस किलोमीटरचे असून ते अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. उर्वरित जिल्हा खरिपात सोयाबीन-तुरीचा आणि रब्बीत हरभरा-गव्हाचा.

अशा मुलखात मोठे झाड उभे राहते ते नदीकाठी, गावठाणाच्या कडेला, मारुतीच्या पाराशी, दर्ग्याच्या वा मठाच्या आवारात, जुन्या तलावाच्या बांधावर आणि रस्त्याच्या दुतर्फा. वड, पिंपळ, चिंच, आंबा, अर्जुन, कडुनिंब ही ती झाडे. वटवाघळाच्या नावातला 'वट' त्याच्या या घराची आठवण करून देतो. हा प्राणी गुहेत किंवा पडक्या वाड्यात राहत नाही. लेणी-किल्ल्यांच्या अंधारात राहणारी फळवाघळांची जात वेगळी. केळीची वा ताडाची पाने दुमडून आडोसा करणारी छोटी जात आणखी वेगळी. मोठे वटवाघूळ उघड्यावर, उंच झाडाच्या फांद्यांना शेकडोंच्या संख्येने लटकते. एकदा झाड निवडले, की तोच थवा, त्याच्या पुढच्या पिढ्या वर्षानुवर्षे, कधी कधी अनेक दशके तेथेच परततात.

झाडाची ही निवड सहज होत नाही. उंची हवी, जेणेकरून खालच्या माणसांचा आणि कुत्र्या-मांजरांचा त्रास होणार नाही. पसरलेल्या मोठ्या फांद्या हव्यात. उड्डाणासाठी भोवती मोकळी जागा हवी. आणि जवळपास पाणी हवे. या चारही अटी पूर्ण करणारे झाड एका तालुक्यात किती असतील, याचा विचार केला, म्हणजे एका झाडाच्या तोडीचा अर्थ कळतो. दहा-वीस वर्षांचे झाड त्याची जागा घेऊ शकत नाही. वाशीम परिसरातील मोठे वड आणि चिंचा आपल्या आजा-पणजांच्या काळातील आहेत. त्यांचे वय भरून काढण्याची सोय कोणत्याही वृक्षलागवड योजनेत नाही.

रस्ते रुंद झाले

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या रस्त्यांचे रूप पालटले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड या राष्ट्रीय महामार्ग १६१ चे चौपदरीकरण झाले. रस्ते जिल्ह्याला हवेच होते. केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीमचे नाव होते. दळणवळण नसलेल्या जिल्ह्याने रस्त्याला विरोध करावा, असे कोणी म्हणणार नाही.

मात्र या दोन रस्त्यांत एक फरक आहे. समृद्धी महामार्ग नव्या जमिनीवरून गेला. जुन्या रस्त्याचे रुंदीकरण होते तेव्हा पहिला घाव रस्त्याकडेच्या जुन्या झाडांवर पडतो. वऱ्हाडातील जुन्या रस्त्यांवर चिंच, कडुनिंब, वड यांच्या ओळी ही अनेक पिढ्यांची कमाई होती. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाच्या १ टक्का रक्कम वृक्षलागवडीसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. राज्य सरकारनेही २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी वृक्षलागवडीची मोहीम राबवली. २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. पण या सर्व हिशेबात झाड म्हणजे एक नग. दुभाजकातील कण्हेर एक, आणि तोडलेला वडही एक. वटवाघळाच्या दृष्टीने या दोन एकांत कसलीही बरोबरी नाही.

जुनी झाडे गेली, की थवा फुटतो. काही वटवाघळे दुसऱ्या, कमी सोयीच्या झाडावर जातात. ते झाड वस्तीच्या आत असेल, तर विष्ठेचा, वासाचा आणि कलकलाटाचा त्रास होऊन लोक फटाके फोडतात, धूर करतात. थवा पुन्हा उठतो. रस्त्यांबरोबर वाढलेल्या वीजवाहिन्यांचा धोका वेगळाच. या वटवाघळाच्या पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या आसपास, क्वचित त्याहूनही अधिक असतो. दोन तारांना एकाच वेळी पंख लागला, की प्राणी तेथेच चिकटून मरतो. तारेला लटकलेली, वाळून कोळ झालेली वटवाघळे वऱ्हाडातल्या कोणत्याही गावाला अनोळखी नाहीत.

उन्हाळ्याची कसोटी

जुन्या झाडाचे आणखी एक मोल विदर्भात विशेष जाणवते. ते म्हणजे सावली. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. पिल्ले साधारणतः फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात आणि पहिले काही आठवडे आईच्या पोटाला बिलगलेली असतात. म्हणजे आई सर्वांत अशक्त असते आणि पिल्लू सर्वांत कोवळे असते, नेमक्या त्याच दिवसांत वऱ्हाडाचा पारा ४५ अंशांकडे सरकतो. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे शेजारच्या अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले होते. माणसांना घरात थांबता येते. वटवाघळाला घर म्हणजे ती फांदीच.

वटवाघळाला घाम येत नाही. उकाडा वाढला की ते पंखांनी वारा घालते, अंगाला लाळ लावते, धापा टाकते आणि तहान भागवण्यासाठी पाण्यावरून नीच उडत पोट भिजवते व ते चाटते. तापमान ४२ अंशांपलीकडे गेल्यावर हे उपाय अपुरे पडू लागतात. ऑस्ट्रेलियातील केर्न्स परिसरात नोव्हेंबर २०१८ मध्ये केवळ दोन दिवसांच्या उष्णतेत तेथील एका जातीची सुमारे २३ हजार वटवाघळे मेली. त्या जातीच्या तेथील एकूण संख्येचा हा जवळपास तिसरा हिस्सा होता. आपल्या देशातही मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यात बेलघाट येथे शेकडो वटवाघळे एकाच दिवशी मृतावस्थेत आढळली. करोनाच्या भीतीचे ते दिवस असल्याने परिसरात घबराट पसरली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा करोनाचा संबंध आढळला नाही. अतिउष्णतेने मेंदूत रक्तस्राव झाल्याचे निष्पन्न झाले.

विदर्भातील वटवाघूळ आजवर या उन्हाळ्यात तगून राहिले, त्याचे श्रेय दाट पर्णसंभाराच्या झाडांना आणि जवळच्या पाण्याला आहे. चिंचेच्या किंवा वडाच्या गर्द सावलीत आणि उघड्या माथ्यावरच्या फांदीवर काही अंशांचा फरक असतो. तेवढा फरक जगणे आणि मरणे यांतला ठरतो. वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्याची एका दुपारी झालेली हानी भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

रात्रपाळीचा पेरणीदार

वटवाघूळ वाचले काय आणि न वाचले काय, आपल्याला त्याचे काय, असा प्रश्न शहरी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वड, पिंपळ, उंबर, जांभूळ आणि मोह या झाडांपाशी सापडते. वटवाघूळ फळ चावते, रस गिळते आणि चोथा थुंकून टाकते. मोठ्या बिया ते झाडापासून दूर नेऊन टाकते. वड-उंबरासारख्या फळांच्या बारीक बिया मात्र पोटात जातात आणि थोड्याच वेळात विष्ठेवाटे बाहेर पडतात. बहुतेक पक्षी फांदीवर बसून विष्ठा टाकतात, त्यामुळे बिया झाडाखालीच पडतात. वटवाघूळ उडता उडता विष्ठा टाकते. परिणामी बी उघड्या माळावर, पडीक शिवारात, कड्याकपारीत जाऊन पडते. जंगल तुटलेल्या मुलखात हे काम फार मोलाचे आहे. एका रात्रीत दहा-पंधरा किलोमीटर लांब जाणारा हा प्राणी विखुरलेल्या वृक्षराजीला जोडणारा दुवा ठरतो.

मोहाचे उदाहरण विदर्भाच्या जिव्हाळ्याचे आहे. मोहाची रसाळ फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. फुलांसाठी आणि नंतर फळांसाठी वटवाघळे या झाडावर येतात. मोहाच्या बिया दूरवर नेण्यात फळभक्षी वटवाघळांचा मोठा वाटा असतो, हे तामिळनाडूतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले. मोहफूल आणि टोळी यांवर विदर्भातील असंख्य आदिवासी कुटुंबांचा वर्षाचा काही आधार असतो. काटेसावर, टेटू, गोरखचिंच या झाडांच्या परागीभवनातही फळभक्षी वटवाघळांचा सहभाग आहे. आग्नेय आशियात ज्या ड्युरियन फळाचा व्यापार प्रचंड आहे, त्याच्या परागीभवनात मोठ्या वटवाघळांचे काम असल्याचे मलेशियातील तिओमान बेटावरच्या संशोधनाने २०१७ मध्ये दाखवले. ज्याला आपण उपद्रवी म्हणत होतो, तो बिनपगारी पेरणीदार निघाला.

आजाराची भीती : किती खरी?

या प्राण्याविषयी सहानुभूती निर्माण होण्यातला सर्वांत मोठा अडसर म्हणजे आजाराची भीती. ही भीती निराधार आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. निपाह विषाणूचे नैसर्गिक वसतिस्थान फळभक्षी वटवाघळे आहेत. २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड परिसरात या आजाराने १७ जणांचा बळी घेतला आणि त्यानंतरही केरळमध्ये तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. ती गुहेत राहणारी जात होती, हे येथे लक्षात घ्यावे. प्रतिपिंडे आढळणे म्हणजे त्या प्राण्याचा विषाणूशी कधी तरी संपर्क आला होता. त्याच्यापासून त्या क्षणी माणसाला लागण होते, असा त्याचा अर्थ नव्हे.

मात्र भीतीपोटी झाडे तोडणे किंवा थवे हुसकावणे हा उपाय उलटा पडण्याची शक्यता अधिक. उपासमार, पळापळ आणि ताण यांनी ग्रासलेला प्राणी विषाणू अधिक प्रमाणात बाहेर टाकतो, असे ऑस्ट्रेलियातील वटवाघळांच्या दीर्घकालीन अभ्यासातून पुढे आले आहे. शिवाय उठवलेला थवा नव्या वस्तीत जाऊन बसतो. म्हणजे आपण धोका संपवत नाही, त्याला गावोगाव फिरवतो. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत वटवाघळांच्या कत्तलीची मागणी होऊ लागली, तेव्हा दक्षिण आशियातील ६४ वटवाघूळ-अभ्यासकांनी एकत्र येऊन निवेदन काढले आणि करोनाचा प्रसार या वटवाघळांमुळे होत नसल्याचे स्पष्ट केले.

खबरदारी साधी आहे. पक्षी-प्राण्यांनी चावलेले, जमिनीवर पडलेले फळ खाऊ नये. फळे धुऊन, शक्यतो सोलून खावीत. शिंदी-ताडाचा उघड्या मडक्यात जमा झालेला कच्चा रस टाळावा. बांगलादेशात निपाहची लागण प्रामुख्याने खजुरीच्या अशाच रसातून झाली. मेलेले वा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. झाडाखाली जनावरे बांधू नयेत आणि पाण्याची भांडी झाकावीत. एवढे पाळले, तर गावाबाहेरच्या चिंचेवरचा थवा आणि गाव शेजारी-शेजारी राहू शकतात. आजवर ते राहिलेही आहेत.

बागायतदाराचा हिशेब

दुसरी हरकत फळबागायतदाराची. पेरू, चिकू, केळी, आंबा यांचे नुकसान वटवाघळे करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका रात्रीत पिकलेल्या पेरूची वाट लागते, तेव्हा परागीभवनाचे महत्त्व ऐकून शेतकऱ्याचे समाधान होणार नाही. ज्याचे नुकसान होते त्याला भरपाई नाही आणि ज्याचा फायदा होतो त्याला तो दिसत नाही, ही या प्रश्नातली खरी अडचण आहे.

तरीही मारण्याने नुकसान टळते का, याचे उत्तर मॉरिशसने दिले आहे. तेथील सरकारने लिची आणि आंब्याच्या बागा वाचवण्यासाठी २०१५ पासून तेथल्या फळभक्षी वटवाघळांची हजारोंच्या संख्येने कत्तल करवली. फळांचे उत्पादन त्यामुळे वाढले नाही. मात्र २०१८ मध्ये ती जात संकटग्रस्त म्हणून जाहीर करावी लागली. उपाय म्हणून जाळीचे आच्छादन अधिक परिणामकारक ठरते. अट एवढीच, की जाळी बारीक छिद्रांची, घट्ट ताणलेली आणि पांढरी असावी. ढिली, मोठ्या छिद्रांची नायलॉन जाळी वटवाघळाबरोबर घुबडांचा, पोपटांचा आणि सापांचाही जीव घेते. फळबागेच्या जाळीला अनुदान देताना ही अट घालणे शासनाला सहज शक्य आहे. रानात वड-उंबर-जांभळाची फळे मिळाली, तर बागेवरचा भार हलका होतो, हेही विसरता कामा नये.

कायद्यातली पोकळी

आता मूळ मुद्दा. वन्यजीव कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे, हे सारे तीत येते. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची अंडी व घरटी यांना इजा पोहोचवणे किंवा ती विचलित करणे हीसुद्धा शिकारच मानली जाते. पण वटवाघूळ सस्तन प्राणी. त्याला अंडे नाही, घरटे नाही. त्यामुळे बगळ्यांची वीण असलेले झाड तोडणे आणि पाचशे वटवाघळांचे झाड तोडणे या दोन कृत्यांकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहतो. अभयारण्याबाहेरचे झाड तोडताना एखादे वटवाघूळ प्रत्यक्ष मेले वा जखमी झाले, तरच वन्यजीव गुन्ह्याचा प्रश्न उद्भवतो. थवा उडून गेला, तर गुन्हा सिद्ध करणे कठीण.

झाडांसाठीचे कायदेही हे भगदाड बुजवत नाहीत. राज्याच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्यापुढील वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' मानण्यात आले. ही स्वागतार्ह तरतूद महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीपुरती आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या शहरांत तिचा उपयोग होईल; पण मोठी झाडे प्रामुख्याने ग्रामीण हद्दीत आहेत. तेथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशा ठरावीक जातींची अनुसूची त्यात आहे आणि तिचा भर झाडाच्या उपयुक्ततेवर आहे. त्या झाडावर कोण राहते, हे विचारण्याची तरतूद त्यात नाही.

आणखी एक धोका आहे. नव्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची अनुसूची रद्द केली असली, तरी कलम ६२ नुसार केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतील कोणताही प्राणी ठरावीक क्षेत्रापुरता आणि ठरावीक काळापुरता उपद्रवी जाहीर करू शकते. बिहारमध्ये नीलगाय, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत या अधिकाराचा वापर यापूर्वी झालेला आहे. एखाद्या साथीच्या किंवा बागायतदारांच्या दबावाखाली वटवाघूळ पुन्हा त्या रांगेत जाऊन बसणार नाही, याची हमी कायदा देत नाही.

जिल्हा काय करू शकतो?

या पोकळीवर जिल्हा पातळीवर उपाय आहेत आणि त्यांसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावी आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, असे बंधन आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा राज्यभर घाईघाईने समित्या आणि नोंदवह्या झाल्या. या नोंदवहीत गावातील वटवाघळांचे झाड, त्याचा गट क्रमांक, झाडाची जात आणि थव्याची अंदाजे संख्या नोंदवली, तर रस्त्याचा किंवा वीजवाहिनीचा प्रस्ताव येईल तेव्हा दाखवायला किमान एक सरकारी कागद हाती असेल. आज तोच नसतो. सायंकाळी झाडावरून उडणारी वटवाघळे मोजणे शाळकरी मुलांनाही जमते; त्याला यंत्र लागत नाही.

दुसरे, रस्ता रुंदीकरणाच्या आराखड्याच्या वेळीच अशी झाडे हेरून रस्ता पाच-दहा मीटर सरकवणे शक्य असते. काम सुरू झाल्यावर ते अशक्य होते. झाड तोडणे अटळच असेल, तर पिल्लांचा काळ, म्हणजे फेब्रुवारी ते जून, टाळला पाहिजे. तिसरे, थव्याच्या झाडाजवळून जाणाऱ्या वीजवाहिन्यांना आवरणयुक्त तार बसवणे किंवा तारांमधले अंतर वाढवणे महावितरणला जमण्यासारखे आहे. चौथे, जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा. सिंधुदुर्गात आंबोली येथे एका छोट्या माशासाठी हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा सुमारे दोन हेक्टरचा परिसर २०२१ मध्ये असे स्थळ म्हणून घोषित झाला. दोन हेक्टरात मासा वाचू शकतो, तर एका पारावरचा वड आणि त्यावरचा थवा का वाचू नये?

यातले काहीही खर्चिक नाही. अडचण आहे ती खात्यांच्या भिंतींची. प्राणी वन खात्याचा, झाड महसूल खात्याचे, रस्ता बांधकाम खात्याचा, तार वीज कंपनीची आणि आजार आरोग्य खात्याचा. वटवाघूळ मात्र या सर्वांच्या हद्दीतून एकाच रात्री उडते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर या पाचही खात्यांना एका टेबलाशी बसवणे, ही पहिली पायरी ठरू शकेल.

कायद्याने वटवाघळाच्या कपाळावरचा 'उपद्रवी' हा शिक्का पुसला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु संरक्षित प्राणी आणि असंरक्षित घर ही रचना फार काळ टिकणारी नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात अजून काही मोठी झाडे उभी आहेत, तोवर हा प्रश्न सोडवण्याजोगा आहे. ती गेल्यानंतर दुसऱ्या अनुसूचीतले नाव केवळ कागदावर लटकत राहील.